वाचकांचे प्रश्न : वर्तनोपचारातली प्रगती कशी जोखावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना रोजची कौशल्ये पायरीपायरीने शिकवणाऱ्या वर्तनोपचाराचा उपयोग होतो आहे का, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. गेले दहा महिने आठवड्यातून तीन दिवस मी त्याला वर्तनोपचारासाठी एका केंद्रात नेते. दर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या अहवालात ‘जोड्या लावणे ९० टक्के, अनुकरण ८० टक्के, नजरेला नजर ७५ टक्के’ असे आकडे असतात आणि प्रगती छान आहे असे थेरपिस्ट ताई सांगतात. घरी मात्र तहान लागली की तो अजूनही माझा हात ओढत माठापाशी नेतो, संध्याकाळी किंचाळतो, मनगटाला चावतो. एवढे पैसे घालून फरक काय पडला, असे सासूबाई विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. मध्यंतरी मी सगळे वहीत लिहायला सुरुवात केली होती, पण पंधरा दिवसांत थकले. मुलाशी खेळायचे सोडून त्याच्याकडे बघत लिहीतच बसायचे. प्रगती होते आहे की नाही, हे मी कसे ओळखावे?
— एक आई, कराड

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न तुम्हाला लागला असेल, पण तो प्रश्न रास्त आहे, आणि उपचार करणाऱ्या प्रत्येकाने तो दर महिन्याला स्वतःला विचारायला हवा. तुमच्या पत्रात खरे तर दोन प्रश्न आहेत. मुलगा काही शिकतो आहे का, हा पहिला. आणि जे शिकतो आहे त्याचा त्याच्या दिवसाला काही उपयोग होतो का, हा दुसरा. केंद्राचा अहवाल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे आणि तुम्ही दुसरा विचारता आहात. त्यामुळे अहवाल खोटा नसतानाही तुमच्या मनाला पटत नाही.

‘जोड्या लावणे ९० टक्के’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, शांत खोलीत टेबलापाशी बसवून त्याला दहा वेळा चित्र दिले आणि त्यांतल्या नऊ वेळा त्याने ते बरोबर जोडीवर ठेवले. हे शिकणेच आहे, ते कमी लेखू नका. पण ती नऊ उत्तरे त्याने आपली आपण दिली की ताईंनी कोपराला हलकेच स्पर्श केल्यावर दिली, हे टक्केवारीत दिसत नाही. माणूस बदलला, खोली बदलली, चित्राऐवजी खरी वाटी आणि खरा चमचा समोर आला, तर काय होते, हेही दिसत नाही. म्हणून पुढच्या भेटीत प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी विचारा : किती मदतीने, कोणाबरोबर आणि कुठे. ज्या कौशल्याची तीनही उत्तरे ‘मदतीशिवाय, दोन-तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर, केंद्राबाहेरही’ अशी येतील, ते त्याला आले असे समजा. बाकीची अजून शिकवणीत आहेत.

यांपैकी मदतीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लहान मुलाची बरीचशी प्रगती तिथेच घडत असते आणि तिथेच ती नजरेतून निसटते. पाणी मागण्याचेच उदाहरण घ्या. तुम्ही ‘मागितले’ किंवा ‘मागितले नाही’ एवढेच लिहीत राहिलात, तर वहीत सहा महिने ‘नाही’ हाच शब्द येईल आणि तुम्ही निराश व्हाल. त्याऐवजी मदतीच्या पायऱ्या ठरवा. त्याचा हात धरून पेल्यावर नेऊन ठेवावा लागला तर ४, कोपराला स्पर्श पुरला तर ३, तुम्ही नुसते पेल्याकडे बोट दाखवले तर २, ‘काय हवं?’ एवढे विचारून थांबलात आणि त्याने खूण केली किंवा ‘पा’ म्हटले तर १, आणि काहीही न विचारता त्याने आपणहून खूण केली, चित्र दाखवले किंवा शब्द उच्चारला तर ०. चारावरून दोनावर आलेले मूल बाहेरच्या माणसाला अजून ‘मागत नसलेलेच’ वाटते, पण त्याने अर्धी वाट चाललेली असते. सासूबाईंना दाखवण्यासारखा कागद हाच आहे. शब्द, खूण आणि चित्र यांत उच्च-नीच मानू नका. आज त्याला जे जमते त्याने मागणे हेच मागणे आहे.

आता वहीबद्दल. तुम्ही थकलात यात तुमचा दोष नाही. ‘सगळे’ लिहायचे ठरवले की कोणीही थकते, आणि आईची कारकून झाली तर मुलाचे नुकसानच होते. दोनच गोष्टी निवडा, एक वाढायला हवी अशी आणि एक कमी व्हायला हवी अशी. तुमच्या पत्रावरून पाणी मागणे ही पहिली आणि संध्याकाळचे किंचाळणे ही दुसरी ठरते. दिवसभर मोजू नका. किंचाळणे संध्याकाळचे आहे तर सहा ते आठ एवढीच वेळ धरा, आणि उरलेल्या वेळात वही कपाटात ठेवा.

मोजण्याआधी व्याख्या करावी लागते. ‘हट्ट’ मोजता येत नाही, कारण तुमचा हट्ट वेगळा, आजीचा वेगळा आणि बाबांचा आणखी वेगळा असतो. ‘घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात दहा सेकंदांहून अधिक ओरडणे’ हे मोजता येते. एका संध्याकाळी तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघांनीही एकमेकांना न विचारता नोंद करा आणि मग ताळा पाहा. संशोधनात दोन निरीक्षकांच्या नोंदी किमान ८० टक्के जुळाव्यात अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. घरी टक्के काढत बसण्याची गरज नाही, पण तुमचे चार आणि त्यांचे नऊ येत असतील तर व्याख्या पुन्हा करायला हवी.

किंचाळण्याची संख्या मोजू नका, मिनिटे मोजा. पूर्वी तो सलग ४० मिनिटे ओरडत असेल आणि आता तीन-तीन मिनिटे चार वेळा ओरडत असेल, तर संख्या एकावरून चारावर गेली, पण घराला आणि त्याला मिळालेला दिलासा २८ मिनिटांचा आहे. चावण्यासारखी क्षणात घडणारी गोष्ट मात्र संख्येनेच मोजावी. त्यासाठी वहीसुद्धा लागत नाही. ओच्यात दहा राजमे ठेवायचे, प्रत्येक वेळी एक दाणा डब्यात टाकायचा आणि रात्री मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसते मोजा. तो आठवडा म्हणजे तुमचा पाया, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी करायची आहे. शेजारच्या मुलाशी नाही आणि केंद्रातल्या दुसऱ्या मुलाशी तर नाहीच.

आठवड्याच्या शेवटी सात आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या. समजा मिनिटे १२, १५, १५, १८, २०, २२ आणि ५५ अशी आहेत. सरासरी काढली तर ती बावीसच्या पुढे जाते, कारण त्या ५५ मिनिटांच्या दिवशी पाहुणे आले होते. मधला आकडा १८ आहे आणि तोच त्या आठवड्याचे खरे चित्र दाखवतो. असे मधले आकडे चार-सहा आठवडे चौकटीच्या कागदावर टिंबांनी मांडले की रेघ कोणीकडे चालली आहे ते न सांगता कळते. ताप, जागरण, दिवाळीची सुट्टी, गणपतीतले ढोलताशे अशा गोष्टी त्या टिंबापाशी एका शब्दात लिहून ठेवा. एका वाईट दिवसावरून काहीही ठरवू नका.

एक सावधगिरीची सूचना इथेच द्यायला हवी. ओरडले की मोबाइल मिळतो, हे मुलाला कळलेले असेल आणि तुम्ही मोबाइल देणे थांबवलेत, तर पहिले काही दिवस ओरडणे वाढू शकते. ज्या दाराची कडी रोज एका धक्क्यात उघडायची ती उघडली नाही, तर आपणही आधी जोरात ढकलूनच पाहतो. रेघ वर गेली म्हणून घाबरून तिसऱ्या दिवशी मोबाइल दिला, तर आणखी जोरात ओरडावे लागते एवढेच तो शिकतो. परंतु हे ओरडण्यापुरते झाले. मनगट चावणे, डोके आपटणे यांसारख्या स्वतःला इजा करणाऱ्या वागण्यात अशी वाट पाहणे धोक्याचे असते, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय ते कधीही करू नये.

चावण्यासाठी वेगळी नोंद हवी. पुढच्या दहा प्रसंगांत प्रत्येकी तीनच गोष्टी लिहा : लगेच आधी काय घडले, त्याने काय केले आणि लगेच नंतर त्याला काय मिळाले किंवा त्याची कशातून सुटका झाली. दहापैकी सात वेळा आधी कुकरची शिट्टी किंवा मिक्सर असेल, तर मुलगा हट्टी नाही, त्याला आवाज असह्य होतो आहे. तिथे उपाय कान झाकण्याचा, आधी सूचना देण्याचा आणि मिक्सर तो दुसऱ्या खोलीत असताना लावण्याचा आहे. सात वेळा आधी पाटी-पेन्सिल समोर आलेली असेल, तर काम अवघड तरी आहे किंवा फार लांबते आहे, आणि ‘थांबूया’ हे सांगण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नाही. कोणीही जवळ नसताना, कशाचेही निमित्त नसताना तो चावत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, कारण कानदुखी, दातदुखी आणि बद्धकोष्ठता या तीन गोष्टी न बोलणाऱ्या मुलात वागण्याच्या रूपाने बाहेर पडतात. कारण न शोधता नुसता चावण्याचा आकडा खाली आणणे मला मान्य नाही. ते दुखण्याला आवाज काढू नकोस म्हणण्यासारखे आहे.

अहवालातल्या ‘नजरेला नजर ७५ टक्के’ या ओळीबद्दलही लिहिले पाहिजे. वर्तनोपचाराचा पाया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घातला गेला, आणि स्वमग्न मुलांच्या बाबतीत तिला प्रसिद्धी मिळाली ती कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास यांच्या १९८७ मधील अभ्यासाने. आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत आणि शाळेच्या नेहमीच्या वर्गापर्यंत पोहोचली, असे त्यात नोंदवले होते. आजही अनेक केंद्रे ‘चाळीस तास’ म्हणतात ते त्यावरूनच. त्या अभ्यासात उपचाराचा गट आणि तुलनेचा गट यांत मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणजे दोन्ही गट मुळात सारखे होते याची खात्री नाही, आणि मुलांवर मोठ्याने ओरडणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे हेही उपचाराचा भाग होते, या दोन गोष्टी मात्र पालकांना सहसा सांगितल्या जात नाहीत. चापट आता चांगल्या केंद्रांतून गेली आहे. पण मूल इतरांसारखे दिसू लागले म्हणजे सुधारले, ही त्या काळची मोजपट्टी अजून पुरती गेलेली नाही. डोळ्यांत पाहायला लावले की समोरच्याचे बोलणे ऐकणेच अवघड होते, असे मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा त्या ताईंना आदराने विचारा की, नजर मिळवून माझ्या मुलाला काय मिळणार आहे, आणि त्या तासांत त्याला ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘दुखतंय’ या तीन गोष्टी सांगायला शिकवता येतील का. ढकलण्याऐवजी मान हलवून ‘नको’ म्हणणारे मूल आज्ञाधारक दिसत नाही, पण ती फार मोठी प्रगती आहे आणि ती अहवालात यायला हवी.

एखाद्या ध्येयाची रेघ तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तर शिकवण्याची पद्धत बदलायची वेळ आली असे समजावे. बक्षीस त्याला नकोसे झाले असेल, पायरी फार मोठी असेल किंवा मदत कमी करण्याची घाई झाली असेल. ‘मुलगा सहकार्य करत नाही’ हे वाक्य अहवालात असेल तर ते उत्तर म्हणून स्वीकारू नका.

आणि केंद्राचा जिना तो कसा चढतो, तेही आठवड्यातून एकदा दिनदर्शिकेवर लिहा : आपणहून, हात धरून की रडत. त्याच्या मताची हीच एक नोंद तुमच्या हाती आहे.

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची आहे. वर्षभर वर्तनोपचार आणि वाचोपचार चालू आहेत. गेल्या वर्षी स्वमग्नता मोजणाऱ्या ‘इसा’ श्रेणीवरचे तिचे गुण ११२ होते, या वर्षी १०४ आले आणि ‘मध्यम’ ऐवजी ‘सौम्य’ असे लिहून मिळाले. मात्र सामाजिक गुणांक ५० होता तो ४८ झाला. एक कागद सुधारणा सांगतो आणि दुसरा घसरण. मी निवृत्त गणित शिक्षक आहे, तरी मला हा हिशेब लागत नाही.
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : हिशेब लागतो, आणि तुम्हाला तो माझ्याहून लवकर पटेल.

सामाजिक गुणांक बहुतेक ठिकाणी व्हाइनलँड श्रेणीवरून काढतात. ही श्रेणी मूळची अमेरिकेतील एडगर डॉल यांची असून भारतीय मुलांसाठी तिचे रूपांतर नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी केले. खाणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे, संवाद अशा आठ क्षेत्रांत मूल काय करू शकते, हे पालकांना विचारून त्याचे सामाजिक वय काढतात आणि त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. गेल्या वर्षी नात ४८ महिन्यांची होती आणि गुणांक ५०, म्हणजे सामाजिक वय २४ महिने. या वर्षी ती ६० महिन्यांची आहे आणि गुणांक ४८, म्हणजे सामाजिक वय सुमारे २९ महिने. अंश पाचाने वाढला आणि छेद बाराने. तिने वर्षात पाच महिन्यांइतकी नवी कौशल्ये मिळवली आहेत आणि जुने काहीही गमावलेले नाही. छेद मोठा झाला म्हणून भागाकार लहान दिसतो. तेव्हा गुणांक बाजूला ठेवा आणि सामाजिक वयाच्या महिन्यांची वर्षागणिक तुलना करा. शक्य असेल तर त्यातली नेमकी कोणती कामे नव्याने येऊ लागली तेही विचारा, कारण ‘बटण लावते’ ही माहिती कोणत्याही गुणांकापेक्षा उपयोगाची असते.

‘इसा’ म्हणजे स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची भारतीय श्रेणी. ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण, म्हणून एकूण गुण ४० ते २०० च्या दरम्यान येतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. एखादे वर्तन वीस टक्क्यांपर्यंत वेळा दिसले तर १, चाळीस टक्क्यांपर्यंत २, अशा रुंद पायऱ्या असल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतला बदल तिला दिसतच नाही. ती बनली आहे निदानासाठी आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. ११२ वरून १०४ ही आठ गुणांची घट चांगली खूण असू शकते, पण तपासणारी व्यक्ती वेगळी असेल किंवा माहिती या वेळी आईऐवजी तुम्ही दिली असेल, तर एवढा फरक त्यानेही पडू शकतो. ‘सौम्य’ हा शब्द वाचून कोणी उपचाराचे तास कमी करायला सांगितले, तर शब्दावर जाऊ नका. कोणत्या बाबींचे गुण उतरले ते पाहा. संवादाच्या बाबी उतरल्या असतील तर आनंद माना. प्रमाणपत्राचे नूतनीकरण जवळ आले असेल, तर दोन्ही वर्षांचे मूळ कागद सोबत ठेवा.

प्रश्न : आमच्या मुलीच्या केंद्रात पालकांना खोलीत बसू देत नाहीत. नोंदवह्या मागितल्या तर ‘तुम्हाला त्यातलं कळणार नाही’ असे उत्तर मिळते. आमचा विश्वास नाही असे नाही, पण आम्ही काय मागावे?
— एक वडील, ठाणे

उत्तर : पालक खोलीत असताना काही मुलांचे लक्ष लागत नाही, हे खरे आहे, पण त्यावर काचेतून, कॅमेऱ्यातून किंवा महिन्यातून एका सत्रात शांतपणे कोपऱ्यात बसून पाहणे असे उपाय आहेत. कोणताही मार्ग नाही, असे म्हणणाऱ्या केंद्रात मी माझे मूल ठेवले नसते. नोंद तुमच्या मुलीची आहे आणि ती तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

लेखी मागा. सध्या शिकवत असलेल्या ध्येयांची यादी, प्रत्येक ध्येय ‘आले’ असे कधी मानणार याची अट आणि गेल्या महिन्याचे रोजचे नोंदपत्रक, अहवाल नव्हे. अट साधारण अशी असते : सलग तीन सत्रांत, दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर, दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय. अशी अटच ठरलेली नसेल तर अहवालातील टक्के कशाचे आहेत, हे त्यांनाही सांगता येणार नाही. उपचार करणाऱ्या व्यक्तीची पात्रताही विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही अवमान नाही. दुसरे मत हवे असेल आणि खर्चाची अडचण असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते.

घरी तुम्ही एवढे करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच वेळी, त्याच जागी, उदाहरणार्थ नाश्त्याच्या ताटासमोर, मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करा. तिला काही करायला सांगू नका, नेहमीसारखे वागा. ते कोणत्याही गटावर पाठवू नका, ती मोठी होणार आहे. सहा महिन्यांनी पहिले आणि सहावे चित्रण लागोपाठ पाहा आणि त्या वेळी केंद्रातल्या ताईंनाही शेजारी बसवा.